नीळ

आत या बाई, चपला आतच आणा,
बाहेर ठेवल्यात तर परत घालताना तळवे काळे होतील.
खुर्ची पुसलीय, तरी हा कागद पसरा.
सकाळी पुसलेलं सकाळपुरतं. आता अकरा वाजले.

तुमच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न,
घरात धूम्रपान कोण करतं?
लिहा, कुणी नाही.
किंवा लिहा, सगळेच.
सोटोन्ये सहा वर्षांची आहे. तीही.

मी इबिनाबो. पोर्ट हारकोर्टमध्ये एकवीस वर्षं
पांढरे कपडे धुते. रंगीत घेत नाही,
रंगीत काय, कुणीही धुतं.
चर्चमधल्या गाणाऱ्यांचे झगे, दवाखान्याचे कोट,
नवरीचे हातमोजे, मयताच्या चादरी.
पूर्वी दोरीवर वाळत घालायची,
खाडीवरून वारा यायचा, मिठाचा, माशांचा.
आता खिडक्या लावून पंख्याखाली वाळवते.
वीज गेली की कपडे कुबट होतात,
म्हणून जनरेटर.
त्याचाही धूर. लिहिताय ना?

एकदा एक झगा चुकून रात्रभर बाहेर राहिला.
सकाळी त्याच्यावर काजळीचे कण,
फुंकलं तर उडतात, बोट लावलं तर पसरतात.
पाद्री म्हणाले, इबिनाबो, देवासमोर हे घालायचं?
मी म्हटलं, त्याच्याच बाजूने पडतं, फादर.
वरून.
ते हसले नाहीत.
खोकले.

सातवा प्रश्न, खोकला किती दिवस?
हरमॅटनची धूळ आली तेव्हापासून.
कुठल्या वर्षीची, ते आठवत नाही.

हो, नीळ सांगायची राहिली.
पांढऱ्याला शेवटच्या पाण्यात नीळ लागते, चिमूटभर.
जास्त झाली की कपडा मेल्यासारखा दिसतो.
मार्चमधल्या एका रात्री सोटोन्येच्या ओठांवर
मी तो रंग पाहिला.
मला माप ठाऊक आहे, बाई.
जास्त झाली होती.
रस्त्यावर एक टॅक्सी नाही.
डागोगोने तिला पाठुंगळी घेतलं आणि पळत सुटला,
मी मागे, हातात ओला टॉवेल, का घेतला होता कोण जाणे.

डागोगो तिचा बाप. माझा मुलगा.
व्यवसाय?
लिहा, रात्रपाळी.

पेन खाली ठेवा जरा.
होडीने तो खारफुटीत जातो.
तिथे पाइप फोडून काढलेलं तेल पिंपात उकळतात.
वेल्डिंगचा दाखला आहे त्याचा, तो बघा, काचेत लावलेला.
चार वर्षं कंपनीच्या फाटकाशी उभा होता.
कंपनीची ज्वाळा इथून दिसते, भरदुपारीसुद्धा.
तिला परवाना आहे.

पहाटे येतो तेव्हा पापण्यांपर्यंत काळा.
पोरीला जवळ घेत नाही, दारातूनच बघतो,
छाती वरखाली होतेय ना, तेवढं.
मग खिशातून काढून टेबलावर ठेवतो
इन्हेलर.
एका रात्रीच्या उकळीत अडीच येतात.
एका रात्रीच्या धुराला किती पुरतात,
हा हिशेब मला जमला नाही.
तुमच्या फॉर्मवर रकाना आहे का त्याला?

धुतल्या तांदळासारखं इथे कुणी नाही,
हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगते.
तुमचीच कॉलर बघा. पुलापलीकडून आलात तेवढ्यात.

त्याचा शर्ट मीच धुते, वेगळ्या बादलीत.
मुलाखतीसाठी घेतला होता, पांढरा, कडक कॉलरचा.
पहिलं पाणी काळं, दुसरं काळं,
तिसऱ्यात जरा बटणं दिसायला लागतात.
नीळ नाही घालत त्याला.
डबी उघडते आणि परत लावते.

ती उठली वाटतं. ऐका,
शिट्टीसारखं. तीच ती.

सही कुठे करायची?
थांबा, आधी हात पुसते.